पासपोर्टच्या रांगेत थेरेसे गीझे

आज पासपोर्ट रिन्यू करायला गेले होते. टोकन मिळालं, नंबर काही येईना. मग फोनवर थेरेसे गीझेबद्दल वाचत बसले.

म्युनिकची ज्यू नटी. १ जानेवारी १९३३ ला एरिका आणि क्लाउस मान या भावंडांबरोबर तिने नाझींची टर उडवणारं कॅबरे, म्हणजे गाणी-नकलांचा कार्यक्रम, काढलं. नाव काय, तर 'मिरपुडीची चक्की'! मार्चमध्ये देश सोडावा लागला. १९३६ मध्ये ब्रिटिश पासपोर्ट मिळावा म्हणून जॉन हॅम्पसन या इंग्रज लेखकाशी लग्न केलं. निव्वळ कागदावरचं. आणि मी पत्त्याचा एक पुरावा घरी राहिला म्हणून कपाळाला हात लावून बसलेली.

जर्मन नाटककार ब्रेख्तची 'मदर करेज' म्हटलं की आपण हेलेने वायगेलचं नाव घेतो. पण ती बर्लिनची, १९४९ ची. त्याआधी १९४१ मध्ये झुरिकला ही भूमिका पहिल्यांदा केली ती गीझेने. युद्ध चालू असताना, स्वतः निर्वासित असताना! पुढे स्विस नाटककार ड्युरेनमाटच्या नाटकांतल्या दोन जबरदस्त बायकाही तिनेच पहिल्यांदा उभ्या केल्या, १९५६ आणि १९६२ मध्ये.

सिनेमे त्या मानाने किरकोळ. मात्र फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या १९७४ च्या 'लाकोंब, ल्युसिएँ' सिनेमातली तिची आजी बघाच. फारसं बोलतच नाही.

एवढ्यात नंबर पुकारला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, लाइट बिल?"