एंटरवरचा ठिपका
आज खंडेनवमी. सकाळी डेक्कनला रिक्षात बसायला गेले, तर काका म्हणाले, "दोन मिनिटं थांबा ताई, हिची पूजा व्हायचीय." मीटर पुसला, हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग हळूच म्हणाले, "थोरलीचं लग्न हिच्याच जिवावर झालं." मला उशीर होत होता, चिडणारच होते खरं तर. गप्प बसले.

संध्याकाळी घरी येऊन बघते, तर आईने विळी, कात्री, अडकित्ता पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. शिलाई मशीनला माळ. आणि शेजारी माझा लॅपटॉप! रोज ज्याला शिव्या घालते तोच. "अगं, कीबोर्डवर कुंकू नको!" म्हणेपर्यंत एंटरवर ठिपका पडलाच. अजून पुसला नाहीये.