पंधरा नंबरची बनियन

स्मरणिकेसाठी लिही, असा कॉलेजातून फोन आला तेव्हा वाटलं, चुकून लागला असावा. २०००-०१च्या मुलांच्या बास्केटबॉल संघावर लिहायचं तर कॅप्टनला सांगायला हवं, खेळला तो. पण कॅप्टन हल्ली दुबईत असतो आणि त्याला लिहायचा पहिल्यापासून कंटाळा (त्याच्या जर्नल मीच पुऱ्या करायचो). म्हणून पाळी माझ्यावर.

तेव्हा बनियनवर चार ते पंधरा एवढेच आकडे असत. एक, दोन, तीन ही बोटं पंच गुणांसाठी दाखवतात, घोटाळा नको म्हणून सुरुवात चारपासून, असं सर सांगत. चार नंबर कॅप्टनचा. बारा जणांतल्या बाराव्याला पंधरा. तो मी.

आपलं कोर्ट लायब्ररीमागं, उघड्यावर, सिमेंटचं. पावसात त्यावर शेवाळ धरायचं. मग ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं, हाच आमचा जुलैतला वॉर्मअप. एका रिंगला जाळी होती, दुसरीला नव्हती. त्या बाजूला बॉल आतून गेला की बाहेरून, यावर रोज भांडण. आता तिथं छप्पर आहे असं ऐकतो. नशीबवान आहेत पोरं.

सरांनी वर्षानुवर्षं एकच खेळ शिकवला होता: घाई करायची नाही. बॉल रिंगकडे टाकायला तीस सेकंद आपली आहेत, बॉल फिरवा, समोरच्याला दमवा, मग सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या उंच गड्याला द्या. सेंटर आमचा निफाड तालुक्यातला, सहा फूट तीन इंच. रिंगखाली उभा राहिला की त्याला हलवायला बैलजोडी लागली असती.

मग सिडनीचं ऑलिंपिक संपलं आणि फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे, नवे नियम लागू झाले. तीसची चोवीस सेकंद झाली. बॉल अर्ध्या रेषेपार न्यायला दहाऐवजी आठ. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ जाऊन दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर असताना सरांच्या हाती त्याची झेरॉक्स पडली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि गळ्यातलं स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलं. "तू कडेला उभा राहून ओरडायचं." शॉट क्लॉक आपल्याकडे कुठलं? ते मीच. "दहा!" "पाच!" आणि शेवटी शिट्टी. पहिला आठवडाभर बॉल सेंटरपर्यंत पोचायच्या आत शिट्टी वाजायची आणि सगळे शिव्या मला घालायचे, जणू ती सहा सेकंद मीच खिशात घातली होती.

त्यात ऑक्टोबर. म्हणजे द्राक्षाची छाटणी. सेंटर गावी गेला तो चार दिवस आलाच नाही. घरी वडील एकटे, मजूर मिळेना. सर एसटीनं त्याच्या मळ्यावर गेले, पोराला सोडा म्हणून सांगायला. संध्याकाळी परतले ते एकटेच, तळहाताला फोड घेऊन. दिवसभर कात्री चालवली होती म्हणे. तिसऱ्या दिवशी सेंटर हजर.

नाशिक विभागात आम्ही जिंकलो, कसे ते अजून कळलेलं नाही. मग आंतरविभागीयला नगरला गेलो आणि पहिलीच गाठ पुणे शहराशी. ती पोरं बॉल आमच्या हातात आल्याक्षणी अंगावर यायची, पूर्ण कोर्टभर. आठ सेकंदांचा अर्थ त्या दिवशी कळला. पहिल्याच क्वार्टरमध्ये चार वेळा आम्ही बॉल अर्ध्या रेषेच्या अलीकडेच घालवला. सेंटर बिचारा पलीकडं रिंगखाली हात वर करून उभा, एसटीची वाट पाहावी तसा.

शेवटच्या क्वार्टरमध्ये आमचे तिघे पाच-पाच फाउल करून बाहेर गेले, एकाचा घोटा मुरगळला. सरांनी बाकावर नजर फिरवली. मी उठलो.

"आधी ते घड्याळ काढ," सर म्हणाले.

दोन मिनिटं उरली होती. त्यात मी एकदा बॉल घेऊन धडपडलो, पण फाउल समोरच्यावर गेला. दोन फ्री थ्रो. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागून माझ्याच पायाशी आला. दुसरा बोर्डावर आपटून आत पडला. बोर्डाचा नेम धरला नव्हता, हे आज पहिल्यांदाच कबूल करतो.

तेवीस गुणांनी हरलो.

स्कोअरशीटमध्ये फ्री थ्रो पडला की गुणाच्या आकड्यावर भरीव टिपका द्यायचा आणि शेजारी खेळाडूचा नंबर. शीट कार्बनच्या प्रतींसह भरली जाते. हरलेल्या संघाला सगळ्यात खालची, पिवळी प्रत मिळते आणि तिच्यावर जवळजवळ काहीच उमटलेलं नसतं. परतीच्या एसटीत सरांनी ती मांडीवर पसरली, माझ्यासमोर तिच्यावर माझा टिपका बराच वेळ शोधला आणि खिशातलं बॉलपेन काढून तो टिपका आणि शेजारचा पंधरा पुन्हा गिरवला. गाडी तेव्हाच खड्ड्यातून गेली, त्यामुळं पंधरातल्या पाचाला लांब शेपूट आलं आहे.