आजोबांना मुली किती?

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात घरातलं म्हातारं माणूस गेलं, की ट्रंकेतून दोन भाषांचे कागद निघतात. 1956 आधीचे, मुंबई राज्यातले, मराठीत. त्यातले जुने मोडी लिपीत. पुढे हा भाग आजच्या कर्नाटकात गेला आणि हळूहळू सगळं कानडी. बाबांच्या ट्रंकेत दोन्ही होते. म्हणून वकील शोधताना माझी पहिली अट हीच होती, की त्यांनी हे दोन्ही स्वतः वाचावं किंवा वाचून घेण्याची तजवीज करावी.

पुण्याहून दादाचा धोशा होता, प्रोबेट कर. पण प्रोबेट म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेणं, आणि बाबांनी मृत्युपत्र केलंच नव्हतं. केलं असतं तरी आमच्या भागात प्रोबेटची सक्ती नव्हती. ती मुंबईसारख्या शहरांची गोष्ट होती. आम्हाला लागणार होते दोन वेगळे कागद. बँकेतल्या नॉमिनी न लावलेल्या ठेवीसाठी उत्तराधिकार दाखला, 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली, बाबा राहत होते तिथल्या कोर्टाकडून. आणि शेतीसाठी वारसा नोंद. ज्या ठेवींवर आईचं नॉमिनेशन होतं ते पैसे तिला मिळाले, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यात आम्हा भावंडांचाही वाटा असतो. हे दादालाही सांगावं लागलं.

खरी गाठ शेतीची. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. ते 1987 मध्ये गेले, त्यानंतर वारसांची नावं लावण्यासाठी वर्दी दिलीच गेली नाही.

पहिल्या वकिलांनी कागद चाळून सांगितलं, "वंशावळीत आत्यांची नावं घालू नका, काम लवकर होईल." मी फाईल उचलली. वंशावळीसोबत प्रतिज्ञापत्र असतं, ते खोटं करायचं? आणि कुणाविरुद्ध? त्याच शेतात लावणीला वाकलेल्या आत्यांविरुद्ध? मुलगी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या हिश्श्याची वारस आहे. 2005 च्या दुरुस्तीनं तिला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो लागू होतो, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. आपल्याकडे लग्नात दिलं ते दिलं असं म्हणून हे अजून दाबलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो.

नंतर खानापूर कोर्टात काम करणाऱ्या एक वकीलबाई भेटल्या. बसल्या बसल्या त्यांचा पहिला प्रश्न, "आजोबांना मुली किती?" तिथेच माझं ठरलं. मोडी कागदासाठी त्यांनी जाणकार सुचवला, कानडी उतारा मला ओळ न् ओळ समजावला. फी कामाच्या टप्प्यांप्रमाणे लिहून दिली. अस्सल कागद ठेवून घेतले नाहीत, झेरॉक्सवरच काम चालवलं. तुम्ही वकील शोधत असाल तर एवढं जरूर बघा. आणि जमीन ज्या तालुक्यात, तिथलीच चावडी आणि नाडकचेरी (इथलं स्थानिक महसूल कार्यालय) रोज बघणारा माणूस घ्या. बेळगावातलं मोठं नाव इथे फारसं कामाला येत नाही.

आता वंशावळीत सगळ्यांची नावं आहेत. धाकट्या आत्याला तिचा वाटा हवा आहे, तो तिला मिळेल. थोरली म्हणते, "मला नको बाळ, मी हक्कसोड करून देते." वकीलबाईंनी मात्र सांगितलंय, आधी त्या आत्याशी एकटीशी बोलणार, कुणाच्या भिडेनं सही करत नाही ना, ते बघणार, मगच हक्कसोडपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचं. आत्या सोमवारी चंदगडहून येतेय.