धबधबा कुठल्या बाजूला?

शनिवार, 15 नोव्हेंबर 2025. सांगली.

आत्ताच मिरजेहून परतलो. लेकीला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसवलं. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघी विशीतल्या. झाशीला उतरणार, ओरछा बघणार, मग ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. तिकीट स्लीपरचं. एसीचं काढून देतो म्हटलं तर म्हणाली, "बाबा, त्या पैशात दोन दिवस जास्त राहता येतंय." हिशेब बरोबर होता. मार्केट यार्डात तीस वर्षं हळदीच्या अडत दुकानाची वही लिहितोय, पण मला त्यात चूक काढता आली नाही.

दुपारी मेव्हण्याचा फोन. "पोरीला एकटी सोडताय म्हणं?"
"तिघी आहेत."
"म्हंजे एकटीच की!"
यावर काय बोलणार? ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे, ते घोड्यावरून गेले, ही तर रेल्वेनं चाललीय, असं म्हणणार होतो. पण मेव्हण्याशी इतिहास बोलायचा नाही हे ठरलेलं आहे.

गाडी यायला वेळ होता म्हणून फलाटावर येरझाऱ्या घातल्या. मी पहिल्यांदा या स्टेशनवर झोपलो तो 1989 चा ऑगस्ट. वय वीस. आम्ही तिघं मित्र गोव्याला निघालेलो, प्रत्येकाकडं दीडशे रुपये. तेव्हा मिरजेत तीन रुंदीचे रूळ होते: पुण्याकडचा ब्रॉडगेज, गोव्या-बेंगलोरकडचा मीटरगेज आणि पंढरपूरकडचा तो नॅरोगेज. मुंबई-पुण्याची माणसं इथं उतरायची, ट्रंका-वळकट्या डोक्यावर घेऊन मीटरगेजच्या फलाटाकडं पळायची. आम्ही पेपर अंथरून त्या पळापळीच्या मधोमध झोपलो. कुणीतरी माझ्या पायावरून ट्रंक नेली, तरी जाग पूर्ण आली नाही. आता घरच्या गादीवर कूस बदलली तरी कंबर जाब विचारते.

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबली. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडं होता, म्हणून सरहद्दीची तपासणी पूर्वी इथं व्हायची, असं एका म्हाताऱ्या हमालानं सांगितलं. घाटाचा उतार 37 फुटांना एक फूट. रेल्वेसाठी हे फार झालं, म्हणून जादा इंजिनं लावावी लागतात. आम्ही तिघं दारात. बोगदा आला की ओरडायचं, बाहेर आलं की तोंडावर पाऊस. आणि मग गाडी एका पुलावर आली आणि समोर दूधसागर. समोर म्हणजे अगदी समोर, तुषार अंगावर. मित्राचा चष्मा ओला झाला तर त्यानं तो पुसला नाही, काढून खिशात टाकला आणि तसाच बघत राहिला. चष्म्याशिवाय त्याला काय दिसलं देव जाणे.

बाकी गोवा म्हणाल तर फजितीच. ऑगस्टात समुद्र खवळलेला असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कुणाला विचारलंही नव्हतं. पोहायला गेलेल्या तिघांनी किनाऱ्यावर छत्री धरून शेंगा खाल्ल्या. पणजीत मांडवीवरचा पूल 1986 मध्ये कोसळलेला, म्हणून फेरीबोटीला ही गर्दी. उगाचच दोनदा पलीकडं जाऊन आलो. एका लॉजवाल्यानं दिवसाढवळ्या टोपी घातली आणि चौथ्या दिवशी आमच्यात मिळून अकरा रुपये उरले. पावावर दिवस काढला. छत्तीस वर्षं झाली, त्या पावाची चव जिभेवर आहे.

उलट 2014 मध्ये आम्ही दोघं सहलवाल्यांबरोबर केरळला गेलो होतो. हॉटेल छान, गरम पाणी, रोज मराठी जेवण. मुन्नारमध्ये पिठलं! आज आठवायला बसलं तर पिठलंच आठवतं. फोटो साडेतीनशे आहेत.

प्रवासानं माणूस घडतो वगैरे मला फारसं पटत नाही. आमच्यातला एक जण गोवा बघूनही तसाच कंजूष राहिला. पण विसाव्या वर्षी शरीराला सोय ठाऊक नसते आणि मनाला तुलना. पहिला मोठा धबधबा बघताना त्याच्या आधीचा कुठलाच आड येत नाही. शिवाय आपण अडकलो तर फक्त आपण अडकतो. घरी कुणाचं इन्सुलिन संपत नाही.

हे लिहिताना आण्णा डोळ्यापुढं आले. थोरले चुलते. 1958 मध्ये, चौदाव्या वर्षी, विट्याजवळच्या आमच्या गावातून निघून मिरज, बेंगलोर करत कोइमतूरला गेले, गलाईच्या दुकानात. मोडीचे दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात शुद्ध करायचे. दुष्काळी खानापूर-आटपाडीकडची अशी कितीतरी पोरं देशभर पांगली. एवढ्या लहान वयात एवढा लांबचा प्रवास आमच्या घरात कुणीच केलेला नाही. तमिळ अशी बोलायचे की ऐकणाऱ्याला कळू नये हा माणूस माणदेशाच्या कडेचा. पण तीस वर्षांत उटी बघितली नाही. शंभर किलोमीटरसुद्धा नाही ती. भट्टी बंद ठेवून कोण जाणार? पुढं मुलांनी साठीनंतर नेलं तर थंडीनं धाप लागली, गाडीतच बसून राहिले. तेजाबाच्या वाफेनं छाती आधीच गेलेली.

त्यामुळं तरुणपणी फिरून घ्या असं कुणी सहज म्हणालं की मला आण्णांची ट्रंक दिसते. फिरायलाही मागं कुणीतरी भट्टी सांभाळणारं लागतं. मी गोव्याला निघालो तेव्हा ते यात्रेसाठी गावी आलेले. म्हणाले, "पैसं एका खिशात ठिऊ नगंस. आन् परत आल्यावर काय काय बघितलंस ते सांग." आल्यावर दोन तास सांगत होतो. मधे एकदाही बोलले नाहीत, फक्त गाडी पुलावर किती वेळ थांबली ते दोनदा विचारलं.

आज लेकीला तेच सांगितलं, एका खिशात ठेवू नकोस. ती म्हणाली, "बाबा, पैसे फोनमध्ये आहेत."

सौ. स्टेशनवर फारशी बोलली नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भडंगाच्या दोन पुड्या, सगळं स्वतःच्या हातानं सॅकमध्ये कोंबलं. गाडी हलल्यावर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली, गुडघा दुखत असून. लग्नाआधी तिनं नरसोबाची वाडी आणि जोतिबा, एवढंच पाहिलेलं. लग्नानंतर माझी वही, पोरं, सासूबाईंचं आजारपण.

येताना विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "गोव्याची गाडी अजून त्या पुलावरनंच जाती?"
"हो."
"खिडकी घ्यायची झाली तर धबधबा कुठल्या बाजूला येतो?"
मला आठवेना. आम्ही दारात उभे होतो.