पार्सलचा फोन, खोटं वॉरंट आणि मी केलेली तक्रार

पैसे गेले नाहीत ना, मग तक्रार कशाला? पार्सलच्या नावाने फसवणारा फोन मला आला, त्या आठवड्यात हे मला घरातल्यांनी विचारलं, शेजारच्यांनी विचारलं आणि पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनीही विचारलं. माझं उत्तर सगळ्यांना एकच होतं. माझ्याकडून ज्याच्या हाती काही लागलं नाही, तो गप्प बसत नाही. तो पुढचा नंबर लावतो. पुढचा नंबर एखाद्या एकट्या राहणाऱ्या बाईचा असेल, आणि मी तक्रार न करता बसले तर तिच्यापर्यंत तो सुखरूप पोचेल. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी साताऱ्यात राहते. टपाल खात्यात काउंटरवर नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. दिवाळीच्या आधी परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणाऱ्यांची रांग दाराबाहेर जायची; चकली, चिवडा, अनारसे यांचे डबे वजन करून घेण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. त्यामुळे 'पार्सल' म्हटलं की मी ऐकून घेते, ही सवय आहे.

फोन दुपारी आला. आधी ध्वनिमुद्रित आवाज: आपलं पार्सल पोचवता आलेलं नाही, माहितीसाठी नऊ दाबा. नऊ दाबल्यावर एक तरुण बोलू लागला. हिंदीत, अतिशय नम्रपणे. एका मोठ्या कुरिअर कंपनीचं नाव घेतलं, स्वतःचा कर्मचारी क्रमांक सांगितला. म्हणाला, तुमच्या नावाने मुंबईहून बँकॉकला गेलेलं पार्सल कस्टमने अडवलं आहे. आत पाच पासपोर्ट, बँकेची कार्डं, एक लॅपटॉप, कपडे आणि १४० ग्रॅम एमडीएमए सापडलं. माझं पूर्ण नाव त्याच्याकडे होतं. आधारचे शेवटचे चार आकडेही त्याने बरोबर सांगितले. पाठीतून सरसरून काटा आला, हे खरं आहे. आपलं नाव आणि अमली पदार्थ एका वाक्यात ऐकण्याची तयारी कुणाचीच नसते.

पण काउंटरवरची नोकरी तिथे कामाला आली. परदेशी जाणारं पार्सल नुसतं 'जात' नाही. पोस्टातून पाठवायचं तर कस्टमचा जाहीरनामा भरावा लागतो, लहान पाकिटाला सीएन २२, मोठ्याला सीएन २३. आत काय आहे, किती वजनाचं, किती किमतीचं, हे वस्तूनिहाय लिहायचं आणि खाली पाठवणाऱ्याने सही करायची. फराळाच्या डब्यालासुद्धा हे चुकत नाही. पार्सलवर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, आपल्याकडची आयएन. खाजगी कुरिअरचं एअरवे बिल, म्हणजे क्रमांक असलेली पार्सलची पावती, असतं, आणि परदेशी पाठवताना तेही ओळखपत्राची प्रत घेतात. म्हणजे प्रत्येक पार्सलमागे कागद असतो आणि बुकिंग झाल्याची जागा असते.

म्हणून मी विचारलं: एअरवे बिल क्रमांक सांगा, बुकिंग कुठल्या शाखेत झालं ते सांगा, आणि पाठवणाऱ्याचा फोन नंबर कुठला दिलाय ते सांगा. त्याने घाईघाईने एक क्रमांक सांगितला आणि बाकी दोन्ही प्रश्न ओलांडून पुढे गेला. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही चांगल्या घरातल्या दिसता. तुमच्या आधारचा कुणीतरी गैरवापर केलाय. मी तुम्हाला मदत करतो, थेट मुंबई सायबर क्राइमला लाइन जोडून देतो. तिथे तक्रार नोंदवली की तुम्ही सुटलात."

मला विचाराल तर या सगळ्यात हाच माणूस सर्वात घातक. पुढे येणारा पोलीस घाबरवतो, पण त्याच्यापर्यंत आपल्याला हाताला धरून नेतो तो हा हितचिंतक. आरोप करणाऱ्याचा आपल्याला संशय येतो. सुटकेचा रस्ता दाखवणाऱ्याचा येत नाही.

दुसरा आवाज जड होता. मागे वॉकीटॉकीची खरखर, कुणीतरी 'जय हिंद सर' म्हणतंय. त्याने पार्सलबद्दल फार विचारलंच नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, घरात आणखी कोण आहे? मग, खोलीचं दार लावून घ्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल येईल तो घ्या. हे गोपनीय प्रकरण आहे, नवऱ्याला किंवा मुलाला सांगितलंत तर त्यांनाही आत घ्यावं लागेल.

इथे माझी खात्री पटली. मी म्हणाले, "मी आत्ता आमच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसते. तुम्ही तिथे फोन करा, तिथे बोलू." तो ओरडायला लागला. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली: वर राजमुद्रा, खाली शिक्का, मध्ये माझं नाव आणि 'अरेस्ट वॉरंट'. मी फोन कट केला. तो पुन्हा पुन्हा वाजत राहिला. हात थरथरत होते, पण आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले आणि मग नंबर ब्लॉक केला. हा क्रम महत्त्वाचा वाटतो. घाबरून चॅट पुसून टाकलं की हाती पुरावा उरत नाही.

हे बाहेरून आले तेव्हा मी वहीत लिहीत बसले होते. कॉलची वेळ, नंबर, दोघांनी सांगितलेली नावं, क्रमांक, आठवतील ती वाक्यं जशीच्या तशी. तासाभराने माणूस आपल्या नकळत गोष्ट जुळवून सांगायला लागतो, म्हणून लगेच लिहिलं.

संध्याकाळी मुलाशी बोलून कायदा नीट समजून घेतला. व्हिडिओ कॉलवर बसवून 'तुम्हाला अटक झाली' असं सांगणं, म्हणजे 'डिजिटल अरेस्ट', अशी गोष्ट आपल्या कायद्यात कुठेच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ४३ प्रमाणे अटक म्हणजे पोलिसाने प्रत्यक्ष समोर येऊन माणसाला ताब्यात घेणं. बाईला तर अपवादात्मक कारण आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी असल्याशिवाय सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणं यातल्या कशातच बसत नाही. आणि एमडीएमएचं म्हणाल, तर अमली पदार्थांच्या कायद्यात १० ग्रॅमच्या वरचा साठा व्यापारी प्रमाणात धरतात. १४० ग्रॅम खरोखर सापडलं असतं तर नम्र आवाजात फोन येऊन माझी तक्रार नोंदवून घ्यायची तयारी कुणी दाखवली नसती. दारात पथक उभं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारीचं काम सुरू केलं.

पहिलं कुरिअर कंपनी. तिचा नंबर गूगलवर शोधून लावला नाही, कारण खोटे ग्राहक सेवा क्रमांक तिथेही पेरलेले असतात. ओळखीच्या एका दुकानदाराकडे त्याच कंपनीची जुनी पावती होती, तिच्यावरचा नंबर लावला. असं बिल त्यांच्याकडे नव्हतंच. आपल्या नावाने असे फोन फिरतात हे तिथल्या मुलीला माहीत होतं.

मग संचार साथी. दूरसंचार विभागाचं हे पोर्टल आहे, ॲपही आहे. त्यात 'चक्षू' नावाची सोय आहे: संशयास्पद फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप आला असेल तर तिथे कळवायचा. मागच्या तीस दिवसांतलाच घेतात, म्हणून 'बघू नंतर' म्हणू नये. कॉलचा प्रकार निवडला, तारीख-वेळ घातली, स्क्रीनशॉट जोडला, ओटीपी आला, काम झालं. पैसे गेले असतील तर मात्र चक्षूवर थांबायचं नाही; तेव्हा आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावायचा. तिथली नोंद जितक्या लवकर होते, तितकी रक्कम पुढच्या खात्यातच अडवून धरण्याची शक्यता जास्त, कारण हे लोक पैसे मिनिटामिनिटाला एका खात्यातून दुसऱ्यात उडवत नेतात.

त्याच संचार साथीवर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही दिसतं. माझ्या नावावर एक जुनं, कधीच बंद पडलेलं असं समजत होते ते कार्ड चालू दिसलं. 'गरज नाही' असा पर्याय निवडून ते काढायला सांगितलं. ज्यांचा आधारचा झेरॉक्स दहा ठिकाणी गेलेला आहे, त्यांनी हे एकदा बघाच. आधारच्या साइटवर आपलं आधार मागच्या सहा महिन्यांत कुठे वापरलं गेलं याचा इतिहास मिळतो, आणि बोटांचे ठसे लॉक करता येतात. मी लॉक केले. लागतील तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतात.

तिसरं, केंद्रीय गृहमंत्रालयाचं सायबर गुन्ह्यांचं पोर्टल. इथे मला सर्वात जास्त वेळ लागला. घटनेचं वर्णन लिहायच्या चौकटीत विशेष चिन्हं चालत नाहीत. मी वहीतलं उतरवत होते आणि कुठल्याशा स्वल्पविरामावरून ते पुढेच जाईना. शेवटी साधी, सरळ वाक्यं लिहिली. पीडीएफ आणि स्क्रीनशॉट जोडले. पोच क्रमांक मिळाला, तो वहीत लाल शाईने लिहिला. याच पोर्टलवर एखादा संशयित नंबर आधी कुणी कळवलाय का, तेही शोधता येतं.

आणि मग पोलीस ठाणे. हे सोबत आले. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्कम किती गेली?" नाही गेली म्हटल्यावर त्यांचं लिहायला घेतलेलं पेन थांबलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या टेबलावर ज्यांचे लाखो गेलेत अशांचे अर्ज पडलेले होते. पण मी उठले नाही. शांतपणे म्हटलं, या कागदावर राजमुद्रा आहे, पोलीस अधिकाऱ्याची खोटी सही आहे आणि माझं नाव आहे. पैसे गेले नसले तरी हा कागद खोटा आहे, आणि तो किती जणांना गेलाय हे तुम्हालाही कळायला हवं. त्यांनी पीडीएफ पुन्हा नीट पाहिली. मग लेखी अर्ज घेतला, सोबत प्रती लावून घेतल्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. आत नेऊन एका महिला पोलिसांनी सगळं विचारून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, वाचलेली माणसं सहसा येतच नाहीत. आली तर आम्हाला ताजे नंबर मिळतात." तेवढ्यासाठीच तर मी गेले होते.

हा भुरटेपणा आहे असं ज्यांना अजून वाटतं, त्यांच्यासाठी एक गोष्ट. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला याच पद्धतीने, सर्वोच्च न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून लुबाडलं. त्यांच्या पत्रावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातल्या डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का ज्यांनी बनवला, त्यांना माझ्या नावाचं वॉरंट बनवायला कितीसा वेळ लागणार?

पार्सलच्या फोनचा दुसरा एक प्रकारही फिरतोय, तो भाच्याच्या वाट्याला आला. डिलिव्हरीवाला म्हणून बोलणारा सांगतो, पत्ता सापडत नाहीये, स्टार एकवीस स्टार, पुढे हा नंबर आणि हॅश दाबा, म्हणजे आमचा माणूस फोन करेल. तसं दाबलं की आपले सगळे कॉल त्याच्या फोनवर वळतात, बँकेचा ओटीपी सांगणारा कॉलसुद्धा. भाच्याने दाबलं नाही. कुणी दाबलं असेलच तर हॅश हॅश ००२ हॅश लावलं की वळवलेले कॉल रद्द होतात. मग लगेच बँकेला कळवायचं.

पुढच्या आठवड्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. वहीच घेऊन गेले होते. बोलणं संपल्यावर निवृत्त शिक्षिका असलेल्या एक काकू जवळ आल्या आणि त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यांनाही तोच नंबर येऊन गेला होता. व्हिडिओ कॉल त्यांनी घेतला होता, पण तेवढ्यात दारात दूधवाला आला आणि त्या बोलायला बाहेर गेल्या, म्हणून बचावल्या. लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं. चॅट पुसलेलं नव्हतं. पीडीएफही तीच, प्रकरणाचा क्रमांकही तोच, फक्त नाव बदललेलं.

तिथेच बसून त्यांच्या फोनवरून चक्षूवर नोंद केली, पोर्टलवर तक्रार टाकली आणि त्यांचं वॉरंट माझ्या वॉरंटला जोडून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. या वेळी रक्कम किती गेली हे कुणी विचारलं नाही.