माउंट विल्सन: दोन मनोरे आणि सूर्याचे सरकते पट्टे

माउंट विल्सन वेधशाळेला जायला लॉस एंजेलिसच्या उत्तरेला ला कॅन्याडाहून हायवे २ धरला की साधारण २२ किलोमीटर घाट, मग रेड बॉक्सला उजवीकडे वळून आणखी ८. वाटेत पेट्रोल पंप नाही, टाकी खालीच भरून घ्यावी. गाडी लावायला तिथल्या वनखात्याचा अ‍ॅडव्हेंचर पास लागतो. हिवाळ्यात बर्फ आणि दरडींमुळे रस्ता बंद पडतो, त्यामुळे तो सुरू आहे ना हे आधी बघून घ्यावं. वर पोचलं की उंची १,७४० मीटर.

बहुतेकांची पावलं खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या १०० इंची दुर्बिणीकडे वळतात. मी सूर्याच्या अभ्यासासाठी बांधलेल्या दोन सौर मनोऱ्यांकडे गेलो. त्यातला १५० फुटी मनोरा नीट निरखून बघावा. बाहेरचा सांगाडा ही नुसती म्यान आहे. त्याच्या पोकळ पायांमधून आतल्या मनोऱ्याचे पाय कुठेही न टेकता वर जातात, म्हणजे वारा हलवतो तो फक्त बाहेरचा. माथ्यावरचे दोन आरसे ऊन सरळ खाली टाकतात, १२ इंची भिंग तळाशी सूर्याची सुमारे ४२ सेंटिमीटरची प्रतिमा पाडतं आणि त्याखाली जमिनीत स्पेक्ट्रोग्राफची, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट पाडणाऱ्या यंत्राची, खोल विहीर आहे. १९१७ पासून इथे सौरडाग हाताने रेखाटले जातात.

इथल्याच मोजमापांतून रॉबर्ट हॉवर्ड आणि बॅरी लाबाँट यांनी १९८० मध्ये सूर्याचे ‘पट्टे’ दाखवले. सूर्याचं विषुववृत्त सेकंदाला सुमारे २ किलोमीटर वेगाने फिरतं. ध्रुवाकडे वेग कमी होत जातो. ही सरासरी वजा केली की काही अक्षांश सेकंदाला जेमतेम ३ ते ५ मीटर पुढे, तर काही तेवढेच मागे असलेले दिसतात. हे पट्टे मधल्या अक्षांशांवरून विषुववृत्ताकडे सरकतात आणि डाग उगवतात ते जलद पट्ट्याच्या ध्रुवाकडच्या कडेला. पट्टा मात्र डागांच्या कितीतरी वर्षं आधी हजर असतो.

पृष्ठभाग आपल्याकडे येतो की दूर जातो यानुसार वर्णपटातल्या रेषा किंचित सरकतात, त्यावरून वेग कळतो. सेकंदाला ५ मीटर मोजायचे म्हणजे लोहामुळे उमटणाऱ्या ५२५ नॅनोमीटरच्या रेषेत एका नॅनोमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी सरक पकडायची. त्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे सकाळी वेधशाळाच सेकंदाला ३८० मीटरपर्यंत सूर्याकडे जात असते आणि संध्याकाळी तितकीच दूर. ते वजा करावं लागतं. आरशावर धूळ बसली तर बिंबाचा विखुरलेला प्रकाश कडेच्या प्रकाशात मिसळतो आणि सूर्य खऱ्यापेक्षा सावकाश फिरताना दिसतो. आरसा पुसला की सूर्याचा ‘वेग वाढला’! असल्या आकड्यांवर वर्षानुवर्षं विसंबायचं, तर नोंदवही चोख हवी.

पण हा सगळा कारभार पृष्ठभागाचा. आतलं कळायची वाट शेजारच्या ६० फुटी मनोऱ्यातून निघाली. रॉबर्ट लेटन यांना १९६० मध्ये तिथे पृष्ठभाग दर पाच मिनिटांनी वरखाली होताना आढळला. पुढे कळलं, की सूर्यात अडकलेल्या ध्वनिलहरींचा हा ठोका आहे. सूर्य फिरत असल्यामुळे फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्या लहरीची वारंवारता किंचित वाढते, उलट जाणारीची घटते. वेगवेगळ्या लहरी वेगवेगळ्या खोलीवरून मागे वळतात, म्हणून हजारो लहरींचे फरक एकत्र सोडवले की थराथराचा वेग मिळतो.

अडचण रात्रीची. एकाच जागेवरून बघितलं की रोज खंड पडतो आणि लहरींच्या वारंवारतांच्या आलेखात खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ११.६ मायक्रोहर्ट्झवर खोट्या रेषा उगवतात. म्हणून सूर्याची ही स्पंदनं मोजणाऱ्या गोंग या जागतिक जाळ्याची सहा केंद्रं १९९५ मध्ये आळीपाळीने सूर्यावर नजर ठेवू लागली: कॅलिफोर्नियातलं बिग बेअर, हवाई, ऑस्ट्रेलिया, आपलं उदयपूर, टेनेरिफ आणि चिली. विषुववृत्ताच्या फिरण्याची वारंवारता सुमारे ४६० नॅनोहर्ट्झ (हर्ट्झचा अब्जावा भाग), पट्ट्यांचा फरक मात्र जेमतेम १. म्हणून गोंगची एकेक मोजणी १०८ दिवसांच्या नोंदींवर होते.

यातून कळलं, की पट्टे वरवरचे नाहीत, पार संवहन थरात, म्हणजे उकळत्या पाण्यासारखा वायू वरखाली होणाऱ्या सूर्याच्या बाहेरच्या थरात, खोलवर उतरलेले आहेत. डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि घटतात. २००८ च्या लांबलेल्या, डाग कमी असलेल्या काळात पुढच्या चक्राचा पट्टा हळू सरकला आणि डागही तो २२ अक्षांशाच्या आसपास आल्यावरच वाढले. त्या थराच्या तळाशी, केंद्रापासून ०.७ त्रिज्येवर, वेग १.३ वर्षांनी कमी-जास्त होतो असा दावा २००० मध्ये झाला. २००१ नंतर तो ठोका विरला. वेगळ्या पद्धतीने सोडवणाऱ्यांना तो नीट सापडलाही नव्हता. त्यामुळे पट्ट्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो, १.३ वर्षांवर नाही.