आमची वाटचाल: खारं पाणी शिरलेल्या मोठ्या स्ट्रक्चरची दुरुस्ती

आमची फर्म छोटी, सुरुवातीला फक्त काँक्रिट रिपेअर करायचो, ड्रॉइंग दुसऱ्याचं, आपण रेट भरायचे आणि ड्रॉइंगमधे दाखवलंय तेवढंच फोडायचं. पण समुद्राचं पाणी शिरलेल्या बोगद्यात किंवा मोठ्या बेसमेंटमधे असं काम करून भागत नाही, कारण पाणी उपसलं तरी मीठ आतच राहतं. त्यातलं क्लोराइड झिरपत सळईपर्यंत पोचलं की सळईवरचा संरक्षक थर तुटतो, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि सळईवरचं काँक्रिटचं कव्हर फुगून सुटतं. हे दिसायला कधीकधी वर्षं जातात. न्यूयॉर्कच्या कनार्सी रेल्वे बोगद्यात सँडी वादळाचं पाणी २०१२ ला शिरलं, मोठी दुरुस्ती झाली २०१९-२० मधे.

मग वरवर बघून काढलेलं ड्रॉइंग आणि फोडल्यावर निघालेली सळई यांचा मेळ बसणार कसा? पत्रं जातात, जादा कामावरून वाद होतात आणि तोवर उघडी सळई गंजतच असते. म्हणून आम्ही डिझाइन-बिल्डकडे वळलो, स्ट्रक्चरल इंजिनियर टीममधेच घेतले, डिझाइन आणि काम एकाच करारात.

आता डिझायनर स्वतः साइटवर असतो. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने मार्क करायचं, ड्रिलने थोड्या थोड्या खोलीवरची पावडर वेगवेगळ्या पिशव्यांत भरून क्लोराइड टेस्टला द्यायची, रिपोर्ट आला की किती खोल फोडायचं ते ठरवायचं. सळईच्या मागूनही काँक्रिट काढावंच लागतं, नुसता पॅच मारला तर कडेच्या जुन्या खारट काँक्रिटमधली सळई उलट आणखी जोरात गंजते, तिथे सळईला झिंक अ‍ॅनोड, म्हणजे जस्ताचे तुकडे, बांधायचे, म्हणजे सळईऐवजी झिंक झिजतं. हा निर्णय जागेवर झाला पाहिजे, माझं ठाम मत आहे.

मालकाला मात्र आम्ही पहिल्याच मीटिंगला सांगतो की आत काय निघेल ते आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, तेव्हा लपलेल्या कामाचे युनिट रेट, म्हणजे मोजमापाप्रमाणे दर, करारातच लिहून घेऊ, सगळं एकरकमी नको. काहींना पटत नाही, तिथे आम्ही काम घेत नाही.

सध्या इलेक्ट्रिकलची माणसंही टीममधे घेतोय, कारण पॅनेल वाळलेलं दिसलं तरी आतलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि टर्मिनल हिरवी पडतात.